पडायच्या वहीतली ओळ

ती वही मीच सुरू केली होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर माझी तक्रार ऐकता ऐकता कुणीतरी मध्येच ते काढेल आणि मला गप्प बसावं लागेल. मला गप्प बसायची सवय नाही.

भाईंदरजवळ हाटकेशला छोट्या कारखान्यांच्या गाळ्यांना लागून आमचं वृद्धांचं सेवाकेंद्र आहे. दोन मजले, बावीस खाटा. शेजारच्या गाळ्यात स्टीलचे डबे बनतात. पत्रा ठोकल्याचा आवाज दिवसभर येतो आणि ज्यांना मुलांचे फोन ऐकू येत नाहीत त्या आजोबांनाही तो ऐकू येतो. मी तिथे अकरा वर्षं काढली. त्याआधी भाईंदरच्या केबिन रोडला फुटपाथवर बायकांचे गाऊन विकायचे. गिऱ्हाईक गाऊन खाली ठेवून चालायला लागलं की ते खरंच चाललंय की चार पावलांवर वळणार आहे, हे मला त्याच्या खांद्यांवरून कळायचं. हा एवढा धडा घेऊन मी केंद्रात मावशी म्हणून लागले आणि तीन वर्षांत इन्चार्ज झाले. कुणाच्या ओळखीने नाही, कुणाच्या पाया पडून नाही.

वही हिरव्या पुठ्ठ्याची, लांबट. पट्टी घेऊन रकाने मी आखले होते. तारीख, वेळ, खोली, कसे पडले, कुठे लागलं, ड्यूटीवर कोण, घरच्यांना कळवलं का. आजी किंवा आजोबा पडले की पाव तासात ओळ लिहायची आणि घरी फोन करायचा. मावश्या तिला पडायची वही म्हणायच्या. नवं कुटुंब जागा बघायला आलं की मी ती वही त्यांच्यापुढे उघडून ठेवायचे. दुसरीकडे असली वही कुणी दाखवत नाही. मुलगा बोट फिरवत पानं बघायचा, ओळी थोड्या असायच्या, आणि त्यानंतर तो कशावरच घासाघीस करायचा नाही. मग जे काय ठरायचं ते मी म्हणेन तसं.

ओळी थोड्या का असायच्या, तेही सांगते. आजी कलल्या तर त्यांना हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. मागे उभं राहायचं, एक पाय पुढे टाकायचा, त्यांना आपल्या मांडीवरून घसरत येऊ द्यायचं आणि त्यांच्यासकट आपण खाली बसायचं. नव्या मावश्यांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवायचे. तुम्ही गादी आहात, असं म्हणायचे. त्या हसायच्या. आठवड्याभरात कधीतरी एखादी धडधाकट आजी मांडीत घेऊन लादीवर बसायची वेळ आली की हसणं थांबायचं.

आता आजी मावशीच्या अंगावर आल्या म्हणजे जमिनीला टेकल्या नाहीत. टेकल्या नाहीत म्हणजे पडल्या नाहीत. पडल्या नाहीत म्हणजे वहीत काही नाही. खाली जी मावशी होती तिचं काय, असा रकाना नव्हता. वहीत खोलीचा आकडा लागायचा आणि मावशीला खोली नसते.

आणि आमच्याकडे रविवारचं तेल असायचं. चहा झाला की पहिल्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये सगळ्या आजींच्या खुर्च्या ओळीने मांडायच्या. कोमट खोबरेल, डोक्याला आणि तळपायांना. मावश्या खाली बसून तळपाय चोळायच्या आणि आजी वरून बोलत राहायच्या. सुनांची उणीदुणी, बाळंतपणं, कुणाचा नवरा कसा घोरायचा. एक गुजराती बा होत्या, त्या प्रत्येक मावशीला हिंदीत विचारायच्या की तुझा नवरा तुझे पाय असे चोळतो का, आणि दर रविवारी तितकंच हसू यायचं. खाली जुन्या चादरी पसरलेल्या असायच्या. पण तिथून एकेकीला आंघोळीला न्यायचं, आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी चादर संपायची. तेलकट टाचा, ओली लादी. तिथे आम्ही सगळ्याच कधी ना कधी घसरलो होतो. पण घसरलो असं कुणी म्हणायचं नाही, बसलो म्हणायचं.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी जुन्या भाईंदरची एक मावशी तिथे बसली. कोळ्यांच्या घरातली, चाळिशीची, अंगाने जड पण कामाला चपळ. आजी तिच्या मांडीत आल्या, त्यांना काहीच झालं नाही, उलट त्या झोपाळ्यावर बसल्यासारख्या हसल्या. ती मात्र उठेना. माकडहाडावर आपटली होती. आम्ही दोघींनी तिला उठवलं, तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. मी तिला गोळी दिली, गरम पाण्याची पिशवी दिली. ती म्हणाली, वहीत लिही. मी म्हटलं, तू काय पेशंट आहेस? तिने आठ दिवसांची सुट्टी मागितली, मी तीनवर आणली, ती सातवर आली, मी पाचवर थांबले. माझ्या दृष्टीने व्यवहार संपला होता. तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “ताई, पाच नको. दोनच दिवस दे. पन वहीत लिव.”

मागितलेलं कमी करून कुणी माझ्याशी भाव केल्याचं मला आठवत नाही. मला वाटलं हिला हिशेब कळत नाही. मी हसून तिला पाच दिवस दिले आणि वही बंद केली. दोन महिन्यांनी तिने काम सोडलं. बसता येत नाही म्हणाली. मी दुसरी मावशी शोधली.

माझं पडणं यंदाचं. तोही रविवार. मावश्या कमी होत्या म्हणून आजोबांना आंघोळी मी घालत होते. एक निवृत्त शिक्षक आजोबा, उंच, जुन्या सायकलीसारखे कुठूनही वाकणारे, बायकांचं तेल चाललेलं बघायला म्हणून पहिल्या मजल्यावर आले आणि उंबऱ्याशी त्यांची चप्पल सरकली. त्यांना आंघोळीला परत न्यायला मी मागोमाग वर आले होते. पाय पुढे टाकला. तो पाय तेलावर पडला. आजोबा माझ्या अंगावर आले, मी उजव्या हातावर आले, आणि मनगटातून सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. आजोबा माझ्या पोटावर बसून म्हणत होते, मला काही झालं नाही हो, मला काही झालं नाही. खरंच झालं नव्हतं.

हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, सहा आठवडे. त्याच संध्याकाळी आजोबांचा मुलगा भेटायला आला. त्याला गेटवरच कळलं होतं की रिक्षातून कुणाला तरी नेलं. त्याने फरशीबद्दल विचारलं. मॅडमनी वही आणवली आणि त्याच्यासमोर ओळ लिहिली. मॅडम म्हणजे केंद्राच्या मालकीण, स्वतः डॉक्टर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. इन्चार्ज यांना चक्कर आली, आजोबा सुरक्षित, असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी एका मावशीने मला फोनवर वाचून दाखवलं.

इतक्या वर्षांत त्या वहीत काम करणाऱ्या बाईची ही पहिली ओळ आणि ती खोटी.

चक्कर हा साधा शब्द वाटेल. आमच्या कामात तसा नाही. ज्या बाईला चक्कर येते तिच्या हातात म्हातारं माणूस देत नाहीत. तिला मजल्यावर उभी करत नाहीत. मी फोन करून मॅडमना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं, इतका माझा आवाज चढला होता. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, “ताई, तेल लिहिलं असतं तर आजवरचं सगळंच लिहावं लागलं असतं. तुम्हाला माहीत आहे ना?” बरी झालात की काउंटरला बसा, उभं राहायचं काम नको, असंही म्हणाल्या. मी फोन आपटला. डाव्या हाताने फोन आपटताही नीट येत नाही.

मी नवघरला एका खोलीत राहते, एकटी. मुलगी लग्न होऊन नाशिकला आहे, तिला दोन लहान मुलं. ती येते म्हणाली, मीच नको म्हटलं. मग तिने पुन्हा विचारलं नाही आणि मला त्याचा राग आला. सहा आठवडे काय असतात ते मला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं पहाटेपासून कुणी ना कुणी ताई म्हणून हाक मारत होतं. ताई, डायपर संपले. ताई, पाच नंबर जेवत नाही. मी वैतागायचे. आता पाचला डोळे उघडायचे आणि नळाला पाणी येईपर्यंत घरात काही हलायचं नाही. ब्लाउजचे हूक लागत नव्हते म्हणून गाऊन घालून बसायचे, एके काळी मीच विकायचे तसले. बरणीचं झाकण गुडघ्यात धरून उघडायचे. वेणी घालायला समोरच्या मारवाडी भाभींकडे जायचे. त्या घालायच्या, पण टीव्ही बघत, आणि दर वेळी विचारायच्या, “अभी भी नहीं उतरा प्लास्टर?” जसं काही मीच ते चढवून ठेवलंय.

केंद्राचा ग्रुप फोनवर चालूच होता. सकाळी फुलांची चित्रं, मग त्या दिवसाच्या ड्यूट्या. पहिल्या आठवड्यात माझ्या नावापुढे रजा असं यायचं. तिसऱ्या आठवड्यात नावच आलं नाही. कुणी भेटायला आलं नाही. केंद्राचा ड्रायव्हर एकदा खाली येऊन माझा डबा, छत्री आणि लॉकरमधला कंगवा वॉचमनकडे देऊन गेला. वर आला नाही. मावश्यांना मी चांगलं शिकवलं होतं, जिथे आपला फायदा नाही तिथे वेळ घालवायचा नाही.

खोटं कशाला बोलू, भाजीवाला खालून ओरडला की मी खिडकीतून अर्धा तास घासाघीस करायचे आणि शेवटी पाव किलो गवार घ्यायचे. गवार मला आवडत नाही. तो वर बघून बोलायचा, म्हणून.

चौथ्या आठवड्यात मी ठरवलं की ही ओळ बदलून घ्यायची. काउंटरवर बसवून ठेवलेली इन्चार्ज म्हणजे वर्षाभरात घरी बसवलेली इन्चार्ज, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. आणि ते सोडा. मी तोल सांभाळून उभी होते. माझा पाय योग्य जागी होता. मी शिकवलेलं मी बरोबर केलं होतं. ते कुठेतरी लिहिलेलं असायला हवं होतं.

त्यासाठी साक्षीदार लागणार. आजोबांना आता आठवत नव्हतं की कोण कुणावर पडलं. जी मावशी त्या वेळी पॅसेजमध्ये होती ती म्हणाली की तिची पाठ होती. तिची पाठ नव्हती. तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. मग मला ती कोळ्यांची मावशी आठवली. त्याच उंबऱ्यावर, त्याच तेलावर ती पडली होती. ती येऊन बोलली तर चक्कर टिकली नसती.

प्लास्टर गळ्यात अडकवून मी भाईंदर पश्चिमेला गेले, विचारत विचारत तिचं घर काढलं. ती ओट्यावर बसून कोळंबी सोलत होती. सरळ बसलेली नव्हती, एका मांडीवर भार देऊन, खाली दुमडलेली गोधडी. मला बघून तिने सूप बाजूला सरकवलं, आत जाऊन चहा टाकला, प्लास्टरकडे एकदा बघितलं. मी सगळं सांगितलं. माझा आवाज चढत होता, तिचे शेजारी बघायला लागले. ती कोळंबीचं डोकं काढून धागा ओढत राहिली. मी म्हटलं, तू फक्त एकदा येऊन मॅडमसमोर सांग की तूही तिथेच पडलीस. जाण्यायेण्याचं मी बघते. हवं तर पुन्हा कामावर घ्यायला लावते, बसून करायचं काम देते.

ती म्हणाली, “मी पडले ते वहीत हाय का?”

नाही, मी म्हटलं.

“मंग मी पडलेच न्हाय. काय सांगू येऊन?”

रागाने बोलली असती तर मी भांडले असते. ती तशी बोलली नाही. तिने मला चहा दिला, डाव्या हाताला जमेल असा, पेल्यात. मी तो उभ्यानेच प्यायले. फुटपाथवर अशा वेळी मी गिऱ्हाइकाला जाऊ द्यायचे. इथे जाणारी मी होते. गल्लीच्या टोकाशी रिक्षा मिळेपर्यंत मी उभी राहिले आणि माझ्या मनात एकच गोष्ट येत होती, की तिच्या पडण्याची ओळ असती तर तिच्यात ‘ड्यूटीवर कोण’ या रकान्यात माझंच नाव आलं असतं.

प्लास्टर निघाल्यावर मी केंद्रात गेले. मनगट बारीक झालं होतं, कातडी सापाच्या कातीसारखी निघत होती. मॅडम काउंटरवर होत्या. मी वही मागितली. त्यांना वाटलं मी माझी ओळ खोडणार, म्हणून त्यांनी हात वहीवर ठेवला. मी म्हटलं, खोडत नाही. तुमची ओळ तुमची. खाली मला दोन लिहायच्या आहेत.

त्यांचा हात वहीवर होता आणि माझा पेनावर. मी ओरडेन याची त्या वाट बघत होत्या, मला दिसत होतं. मी ओरडले नाही. मी म्हटलं, काउंटरला बसवताय ना, बसते. मजला नको, इन्चार्जपण दुसरीला द्या. वही द्या. त्यांनी विचारलं, “एवढ्यासाठी?” मी हो म्हटलं. त्यांनी हात काढला.

पेन धरताना अंगठा अजून नीट वळत नव्हता, अक्षर लहान मुलासारखं आलं. पहिली ओळ तिची. रविवार, सकाळची आंघोळ. खोलीच्या रकान्यात पहिल्या मजल्याचा उंबरा असं लिहिलं. कसे पडले: तेलकट ओल्या लादीवर घसरून, आजींना मांडीत घेऊन. कुठे लागलं: माकडहाड. ड्यूटीवर कोण: मी. घरच्यांना कळवलं का: नाही. शेवटी जागा उरली होती तिथे लिहिलं की तिने त्याच दिवशी लिहायला सांगितलं होतं, मी लिहिलं नाही. दुसरी ओळ माझी. त्याच जागी, त्याच कारणाने, मनगट, चक्कर नव्हती.

मॅडमनी दोन्ही वाचल्या. वही मिटली. दुसऱ्या दिवशी सूचना लागली की रविवारचं तेल बंद. डोक्याला हवं तर आंघोळीनंतर, खोलीत, खाटेवर, दोन थेंब. उंबऱ्याशी रबराची जाळीदार चटई आली. मावश्यांना मागून पट्टा असलेल्या चपला मिळाल्या. हे सगळं अकरा वर्षांत कधीही होऊ शकलं असतं, आणि त्यातली निदान आठ वर्षं ते मागायचं काम माझं होतं.

मी पानाचा फोटो काढून त्या मावशीला पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही. मी दोन दिवस फोन जवळ ठेवून झोपले, मग ठेवणं सोडलं. तिला उत्तर द्यायचं काही कारण नव्हतं.

आता मी काउंटरला असते. नवी इन्चार्ज चांगली आहे, माझ्याच हाताखाली शिकलेली, मला काही विचारत नाही. नवी कुटुंबं आली की वही त्यांच्यापुढे ठेवत नाहीत. ती खालच्या खणात असते, किल्ली मॅडमकडे. मॅडमनी लिहिलेली चक्कर तिथेच आहे, माझ्या ओळींच्या वर, त्यांच्या सुबक अक्षरात. ती खोटी आहे हे मी अजूनही ज्याला त्याला सांगते. हल्ली कुणी पूर्ण ऐकत नाही.

मागच्या रविवारी मी काही कागद द्यायला वर गेले. पूर्वी ज्या वेळी पॅसेज भरलेला असायचा त्या वेळी तो रिकामा होता. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, प्रत्येकीचं दार अर्धवट लोटलेलं. मावश्या खोल्याखोल्यांत विखुरलेल्या, कुणाचंच कुणाला ऐकू जात नव्हतं. गुजराती बा तेवढ्या दारात बसल्या होत्या, कोरडे केस मोकळे सोडून, हातात कंगवा. मला थांबवून त्यांनी विचारलं, “तेल तूने बंद करवाया ना?”

मी हो म्हटलं. त्यांनी मान वळवली. मी कंगवा मागितला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि वर हात ठेवला. मी कागद दिले आणि खाली आले.